ठाण्याची विनामूल्य मैफल : थोडा इतिहास, थोड्या आठवणी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची ठरली, तेव्हा चिटणीसबाईंनी मला निरोप धाडला की, "तुम्ही आपल्या ठाण्याच्या इतिहासावर काहीतरी लिहा." मी काही लेखिका नव्हे. शाळेत निबंध लिहिला, त्यानंतर वाण्याच्या यादीपलीकडे माझ्या हातून फारसे लिखाण झालेले नाही. पण नाही म्हणावयासही जीव होईना. ठाण्याचा इतिहास म्हटला की १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास आलेली पहिली आगगाडी, खाडीकाठचा किल्ला, कोपिनेश्वराचे देऊळ आणि तळी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तेव्हा मी मनाशी ठरविले की, आपल्या टेंभी नाक्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर भरणाऱ्या, आणि तरीही आपल्यापैकी बहुतेकींनी न पाहिलेल्या, एका गोष्टीविषयी लिहावे. ती गोष्ट म्हणजे संगीतभूषण पंडित राम मराठे यांच्या स्मरणार्थ ठाणे महानगरपालिका भरवीत आलेला संगीत समारोह.

मागच्या बैठकीत हळदीकुंकू आटोपल्यावर मी सहज विचारले, "पालिकेच्या गाण्याच्या समारोहास कोण कोण जाऊन आले आहे?" तिसांवर भगिनी बसल्या होत्या. चार हात वर झाले. त्यांतला एक माझाच. बाकीच्यांना कारण विचारले तेव्हा तीन उत्तरे मिळाली. एक म्हणाली, "आम्हाला कोणी बोलावले नाही." दुसरी म्हणाली, "शास्त्रीय गाणे आम्हाला कुठे कळते?" आणि तिसरी हसून म्हणाली, "फुकटचे ते काय असणार?" या तिन्ही उत्तरांचे मला मुळीच नवल वाटले नाही. माझ्या सासूबाईंनीही मला एकेकाळी हीच तीन उत्तरे दिली होती. या लेखात जमेल तसा त्या तिन्ही उत्तरांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम ज्यांच्या नावाने हा समारोह भरतो त्यांच्याविषयी. राम मराठे यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२४ रोजी पुण्यास झाला. घरची स्थिती बेताची. मुलगा गोड गळ्याचा. लहान वयातच ते बोलपटांत गेले. 'प्रभात'च्या 'गोपाळकृष्ण' या १९३८ सालच्या चित्रपटातील बाळकृष्ण, आणि त्यानंतरच्या वर्षी आलेल्या 'माणूस'मधला चहा पोचविणारा चुणचुणीत पोरगा, ही त्यांची कामे. आपल्यापैकी वयाने मोठ्या भगिनींच्या आया हे बोलपट पाहून आल्या असतील. त्या वयात मिळालेले नाव पुष्कळांना पुरले असते. या मुलाला ते पुरले नाही. त्याला गाणे शिकावयाचे होते.

ते शिकले तरी किती जणांकडे! मनोहर बर्वे, ग्वाल्हेर परंपरेचे मिराशीबुवा, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव, जयपूर परंपरेचे वामनराव सडोलीकर, आग्रा गायकीचे 'गुणीदास' म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित आणि उस्ताद विलायत हुसेन खाँ. दहा घरचे मसाले एका कालवणात घातले की त्याची चव बिघडते, असे आपण स्वयंपाकघरात म्हणतो. पण हाताला माप असले तर तीच चव वेगळी आणि ठसकेबाज होते. राम मराठ्यांचे गाणे तसे ठसकेबाज होते असे जाणकार सांगतात. द्रुत लय, तबल्याशी चाललेली झुंज आणि समेवर अचूक येणारी झडप, ही त्या गाण्याची ओळख.

पण मराठी माणसाच्या घरोघर ते पोचले ते संगीत नाटकांमुळे. विद्याधर गोखले यांचे 'मंदारमाला' हे नाटक १९६३ साली रंगभूमीवर आले. त्याचे संगीत राम मराठ्यांचे, आणि प्रमुख भूमिकाही त्यांचीच. त्या नाटकात ते आणि प्रसाद सावकार यांची जी जुगलबंदी होई, तिचे नाव त्या काळच्या रसिकांच्या तोंडी अजून आहे. बोलपट आल्यावर संगीत नाटकाचा अंत झाला असे लोक समजू लागले होते, त्या दिवसांत या नाटकाने प्रेक्षकांना पुन्हा नाट्यगृहाकडे वळविले. पुढे हे गायक ठाण्यास स्थायिक झाले आणि आपल्या गावाचे झाले. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. नंतर पालिकेने त्यांच्या नावाने दरवर्षी समारोह भरविण्याचे मनावर घेतले. थंडीच्या सुमारास काही दिवस गायन, वादन आणि नृत्य असते. मोठमोठे कलावंत येतात, ठाण्यातले तरुण कलावंतही त्याच मंचावर बसतात. प्रवेश सर्वांस विनामूल्य.

आता 'विनामूल्य' या शब्दाकडे वळते; कारण खरा इतिहास या शब्दात आहे.

आज आपल्याला वाटते की गाणे हे कोणीही जाऊन ऐकावे असेच होते. तसे ते नव्हते. शे-दीडशे वर्षांपूर्वी मोठ्या गवयाचे गाणे राजेरजवाड्यांच्या दरबारात, सरदारांच्या वाड्यात किंवा धनिकांच्या दिवाणखान्यात होई. तेथे जाण्यास आमंत्रण लागे. आमंत्रण म्हणजे घराण्याचे नाव, हुद्दा आणि ओळख. पैसे देऊनही सामान्य माणसास तेथे पाऊल टाकता येत नसे. घरच्या स्त्रियांची तर गोष्टच निराळी. गाणे झालेच तर त्यांनी ते चिकाच्या पडद्याआडून किंवा माजघरातून ऐकावे. आणि गाणाऱ्या ज्या स्त्रिया होत्या, त्यांच्या गाण्यास लोक माना डोलवीत, पण त्यांना घरी हळदीकुंकवास बोलावीत नसत. हा दुजाभाव आपण विसरू नये.

मग तिकीट आले. आपण तिकिटाला अडसर समजतो. पण इतिहासात ते प्रथम आले ते दार उघडणारे म्हणून! पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि आश्रयदात्याची नोकरी न धरता बाहेर पडले. एकोणिसावे शतक संपता संपता त्यांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. गवयाने तिकिटावर गावे, हे तेव्हा लोकांना चमत्कारिक वाटले. परंतु त्याचा अर्थ मोठा होता. ज्याच्याजवळ तिकिटापुरते पैसे आहेत, तो कोणत्या घरचा, कोणाचा कोण, हे दारावर कोणी विचारणार नव्हते. याच पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि सर्वसामान्य घरच्या मुलामुलींस गाणे शिकण्याची वाट मोकळी केली.

संगीत नाटकाने तेच काम महाराष्ट्रात केले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यास झाले, 'सौभद्र' त्यानंतर दोन वर्षांनी. जे राग वाड्यांत कोंडलेले होते, ते पदांच्या रूपाने पिटातल्या प्रेक्षकापर्यंत आले. भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गवयाने १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकास चाली दिल्या, बालगंधर्वांनी त्या गाइल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या गावातल्या घराघरांत गुणगुणल्या जाऊ लागल्या. नाट्यगृहांत स्त्रियांसाठी वेगळी बसण्याची सोय होऊ लागली. तरी रंगमंचावर स्त्री नव्हती. स्त्रीची कामे पुरुषच करीत. ती कोंडी फोडणाऱ्यांत हिराबाई बडोदेकरांचे नाव आदराने घ्यावे लागते. १९०५ साली मिरजेस जन्मलेल्या या गायिकेने रंगभूमीवर काम केले, आणि तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. अंगभर पदर घेऊन शांतपणे बसून त्या गात. गाणारी बाई ही आपल्या घरातली आई-बहीण असू शकते, हे समाजाने पाहिले ते त्यांच्यासारख्यांमुळे.

म्हणजे आधी आमंत्रण, मग तिकीट. आणि तिसरी पायरी म्हणजे उघडे दार. पण ही तिसरी पायरी अगदी नवी आहे असे मात्र समजू नका. आपल्या देशात ती देवस्थानांच्या आणि संतांच्या आश्रयाने फार दिवस नांदत आली आहे.

हिराबाईंचे वडील, किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ, मिरजेस राहत. तेथील ख्वाजा शमशुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती आणि तेथे ते गाणे हजेरी म्हणून रुजू करीत. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी प्रवासात त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांना मिरजेस त्याच दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी संगीत सभा भरते. देशातले नामांकित गायक-वादक तेथे येऊन हजेरी लावतात आणि गावचे लोक जमिनीवर बसून ऐकतात. ज्या मिरजेत सतारी आणि तंबोरे घडविणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे, त्या गावाला आपल्या वारशाचा असा दरवर्षी उजाळा मिळतो. तिकिटाचा तेथे प्रश्नच नाही. दर्ग्यात येणाऱ्याला कोण अडविणार?

दूर पंजाबात जालंधरला देवी तलावाकाठी हरिवल्लभ संगीत संमेलन १८७५ पासून भरत आले आहे. एका साधूने आपल्या गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेले हे गाणे. आमचे पलुस्कर १९०१ मध्ये तेथेही गाऊन आले. तळ्याकाठी, थंडीच्या दिवसांत, सर्वांना मोकळे असे ते संमेलन. ही हकीकत वाचली तेव्हा मला आपले मासुंदा तळे आणि त्याच्या काठचे गडकरी रंगायतन आठविल्यावाचून राहिले नाही.

तिसरे उदाहरण मुद्दाम भगिनींसाठी सांगते. तामिळनाडूत कावेरीकाठी तिरुवैयारू म्हणून गाव आहे. तंजावरच्या मराठी भोसले राजांच्या राज्यातले हे गाव. संत त्यागराज तेथे राहिले आणि १८४७ साली समाधिस्थ झाले. राजे सरफोजींच्या दरबारचा मान त्यांनी नाकारला अशी कथा तेथे सांगतात. त्यांच्या पुण्यतिथीस दरवर्षी शेकडो गायक-वादक जमिनीवर समोरासमोर ओळीने बसून, व्हायोलिन, मृदंगम्, बासरी, वीणा यांच्या साथीत, त्यांची पाच मोठी कीर्तने एका सुरात गातात. एवढा मोठा वाद्यवृंद आणि एवढा मोठा गायकवृंद, पण कोणी बिदागी घेत नाही आणि कोणी तिकीट काढीत नाही.

दार उघडे होते खरे, पण कोणासाठी? त्या आराधनेत पूर्वी स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता. बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) ही देवदासी कुळातली थोर गायिका. त्यागराजांची समाधी मोडकळीस आली आहे असे तिच्या कानावर आले, तेव्हा तिने आपले दागदागिने आणि आयुष्याची पुंजी खर्चून तेथे मंदिर उभे केले. १९२५ साली त्याची प्रतिष्ठा झाली. आणि जिने मंदिर बांधले तिलाच उत्सवात गाता येईना! तिने आकांडतांडव केले नाही. १९२७ साली तिने देवळाच्या मागच्या बाजूस स्त्रियांचा वेगळा उत्सव मांडला आणि तो नेटाने चालविला. अखेर १९४० च्या सुमारास पुरुषांचे आणि स्त्रियांचे उत्सव एक झाले. आज तेथे स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने बसून गातात. विनामूल्य असणे आणि सर्वांना मोकळे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नागरत्नम्मांच्या चरित्रावरून कळते.

आता घरची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हावयाचा नाही.

मी १९७६ साली लग्न होऊन टेंभी नाक्यावरच्या चाळीत आले. सासरे त्यापूर्वीच वारले होते. सासूबाई कष्टाळू, बोलण्याने तोडक्या, पण मनाने मऊ. त्यांच्या घरी रेडिओ होता. त्या काळी रेडिओलाही परवाना लागे आणि त्याची फी भरावी लागे. तेव्हा तेही गाणे अगदी फुकट नव्हतेच. दुपारी धान्य निवडताना नाट्यगीत लागले की त्यांचा हात थांबे. एकदा निवेदकाने 'मंदारमाला'चे नाव घेतले आणि त्या म्हणाल्या, "हे नाटक तुझ्या सासऱ्यांनी पाहिले होते."

मी विचारले, "आणि आई, तुम्ही?"

"मी कशी जाणार? मुले लहान. शिवाय तिकिटाचे पैसे एकाचेच होते. गडकरी रंगायतन तेव्हा कुठे होते? गाडीने मुंबईस जायचे, रात्री उशिरा परतायचे. हे गेले. मी जागी राहिले. आल्यावर विचारले, कसे झाले गाणे? म्हणाले, छान झाले. आणि झोपले."

एवढेच. पण ते 'छान झाले' त्यांच्या मनात किती वर्षे राहिले होते, हे त्यांच्या आवाजावरून मला कळले.

१९७८ साली गडकरी रंगायतन उभे राहिले. त्याच वर्षी आनंद दिघे यांनी आपल्या टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव सुरू केला. नाटकांच्या पाट्या आम्ही भाजी आणावयास जाता-येता वाचीत असू. आत जाण्याचे धाडस फार उशिरा झाले. पुढे पालिकेचा संगीत समारोह सुरू झाला, त्यालाही काही वर्षे लोटली, तेव्हा एका वर्तमानपत्रात मी 'प्रवेश विनामूल्य' असे वाचले आणि सासूबाईंना म्हटले, "आई, चला. राम मराठ्यांच्या नावाचा समारोह आहे. नाट्यगीतेही आहेत."

"आपल्याला कोणी बोलावले आहे का?" त्या म्हणाल्या. "बोलावल्याशिवाय असे जाऊन बसायचे? आणि फुकट म्हणजे काय, कोणीतरी येऊन उठवायचे. ते गाणे मोठ्या लोकांचे. आपल्याला काय कळणार?"

मी गप्प बसले. पण दोन दिवसांनी मला एकदम सुचले. म्हटले, "आई, नवरात्रात नाक्यावरच्या देवीला तुम्ही रोज जाता. तिने कधी बोलावणे धाडले होते?"

त्या हसल्या. "अगं, ती देवी आहे."

"मग सरस्वती कोण आहे?"

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी मी पाहते तो त्यांनी ठेवणीतले नऊवारी पातळ काढून ठेवले होते.

आम्ही चारच्या सुमारास पोळ्या उरकल्या, भात शिजवून झाकून ठेवला आणि जांभळी नाक्यावरून चालत तळ्यापाशी आलो. रंगायतनाच्या दारात त्या क्षणभर थबकल्या. कनवटीस हात नेला. जणू कोणी पैसे मागणार. कोणीही काही विचारले नाही. आम्ही मधल्या एका रांगेत बसलो. आधी सतार झाली. आलाप संथ होता. सासूबाई तबलजीच्या बोटांकडे पाहत होत्या. मला वाटले, कंटाळल्या. तितक्यात सम आली आणि त्यांच्या मांडीवरच्या हाताने बरोबर ठोका दिला. ज्यांना 'काय कळणार' असे वाटत होते, त्यांच्या हाताला ते केव्हाच कळले होते. जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीचे फेर, भजनाचे टाळ यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना लय कोणी शिकवायची?

नंतर एका तरुण गायकाने नाट्यगीत घेतले. तबला, ऑर्गन, व्हायोलिन यांची साथ. तान उंच गेली आणि खाली उतरून मुखड्यावर आली तशी सबंध सभागृहाने 'वाहवा' म्हटले. सासूबाईंनी पदराचे टोक डोळ्यांस लावले. घरी परतताना तळ्याच्या काठाने आम्ही बराच वेळ न बोलता चाललो. मग त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांवर मी मनातून रागावले होते. छान झाले म्हणाले नि झोपले म्हणून. पण त्यांनी सांगायचे तरी कसे गं? हे सांगण्याजोगे नव्हतेच."

त्यानंतर तीन वर्षे आम्ही दोघी न चुकता गेलो. चौथ्या वर्षी त्यांचे गुडघे अगदी धरले. मी त्यांच्यापाशी थांबते म्हटले, तर ऐकेनात. "तू जा. दोघींनी घरी बसून काय होणार?" मी गेले. परत आले तेव्हा दहा वाजून गेले होते. त्या अंथरुणावर जाग्याच होत्या. "कसे झाले गाणे?" त्यांनी विचारले.

भगिनींनो, त्या दिवशी मी पुष्कळ ऐकून आले होते. पण माझ्या तोंडून शब्द निघाले ते एवढेच, "छान झाले, आई."

त्या हसल्या, आणि मग आम्ही दोघीही हसलो. पुढच्या समारोहाच्या आधीच त्या गेल्या.

आता राहिलेला प्रश्न, 'फुकटचे ते काय असणार?' याचे उत्तर हिशेबाचे आहे. समारोह फुकट नाही. पालिका तो भरविते म्हणजे तो आपल्या घरपट्टीतून आणि पाणीपट्टीतून भरतो. ज्या भाड्याने राहतात त्याही भाड्यातून तो कर भरीतच असतात. कलावंतांची बिदागी, दिवे, ध्वनिक्षेपक, सभागृह या सर्वांचे मोल आपण आधीच चुकते केलेले आहे. तिकिटाच्या खिडकीवर ते पुन्हा मागत नाहीत, इतकेच. पूर्वी राजा पैसे देई आणि राजाचे पाहुणे ऐकत. आता सबंध गाव पैसे देते. तेव्हा गावानेच ऐकावे हे न्यायाचे. आपण न जाऊन पैसे वाचवीत नाही, आपली भरलेली जागा रिकामी ठेवतो.

आणि रिकाम्या खुर्च्यांचे नुकसान केवळ आपले नाही. गाणे हे पुस्तकासारखे कपाटात राहत नाही. कल्याणचा गायन समाज भास्करबुवा बखल्यांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव भरवितो, पुण्यास १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या नावाने महोत्सव होतो. ही कामे टिकली ती ऐकणारे आले म्हणून. आपले ठाणे हे काही संगीताने कोरडे गाव नाही. जनकवी पी. सावळाराम (१९१४–१९९७) यांची गीते महाराष्ट्रातल्या लग्नमांडवांत आजही वाजतात. ते ठाण्याचे, आणि या गावाचे नगराध्यक्षही होते. ज्या गावाने असा कवी आणि असा गायक आपला म्हणून मिरविला, त्या गावच्या मुलींनी त्यांचे नाव केवळ फलकावर वाचावे, हे बरे नव्हे.

तेव्हा वर्धापनदिनाच्या निमित्ताने माझी मंडळापुढे एक साधी सूचना आहे. या वर्षीच्या समारोहाच्या तारखा जाहीर होताच चिटणीसबाईंनी त्या आपल्या फळ्यावर लिहाव्या. गडकरी रंगायतन असेल तर आपण मंडळाच्या दारातून एकत्र चालत जावे, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात असेल तर दोघी-तिघींनी मिळून रिक्षा करावी. ज्यांची मुले लहान आहेत त्यांची मुले एका घरी ठेवावी आणि राखणीची पाळी रोज बदलावी, म्हणजे कोणा एकीवरच घरी राहण्याची वेळ यावयाची नाही. स्वयंपाक दुपारीच उरकावा. एखाद्या संध्याकाळी घरच्यांनी आमटी स्वतः गरम करून घेतली तर आकाश कोसळत नाही. वयोवृद्ध भगिनींसाठी हात धरावयास दोघी ठरवून द्याव्या. राग ओळखता आला नाही तरी चालेल. हाताला सम सापडते.

आणि ज्या भगिनी आजारामुळे येऊ शकणार नाहीत, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी आपण सगळ्या मिळून जाऊ या. एकीला आलाप आठवेल, दुसरीला तबला, तिसरी मुखडा गुणगुणून दाखवील. एकटीने मला सांगता आले नव्हते. दहाजणी मिळून कदाचित थोडेफार सांगता येईल.

मंडळाचा उत्तरोत्तर उत्कर्ष होवो, ही श्री दुर्गेश्वरीचरणी प्रार्थना.